चौघांची सोबत

इंग्रजीतील काही शब्द दिसावयास साधे असतात, पण मराठीत आणू लागले की अडून बसतात. ‘मूर’ हा असाच एक शब्द. त्याला ‘माळ’ म्हणावे, तर आपल्या डोळ्यांपुढे वैशाखात तापलेले, खुरट्या गवताचे कोरडे रान उभे राहते. कोकणातला ‘सडा’ म्हणावा, तर पायाखाली जांभा दगड येतो. मूर या दोहोंहून निराळी. ती उंचावरची, वाऱ्यापावसाने झोडपलेली आणि बारा महिने ओली राहणारी उजाड जमीन असते. उत्तर इंग्लंडच्या मध्यातून दक्षिणोत्तर गेलेल्या पेनाइन डोंगररांगेवर अशा जमिनीचे विस्तीर्ण पट्टे आहेत. तेथे शेवाळ आणि गवत मरते, पण साचलेल्या पाण्यामुळे पुरते कुजत नाही. हजारो वर्षे थरावर थर साठून त्याची काळी, मऊ, स्पंजासारखी पाणी धरून ठेवणारी माती बनते. तिला ‘पीट’ म्हणतात. ही माती कोठे हातभर खोल असते, तर कोठे पुरुषभर. पावसाच्या ओघांनी तिच्यात वाकड्यातिकड्या घळी कोरून काढलेल्या असतात. घळीत उतरलेल्या माणसाला आजूबाजूचे काही दिसत नाही. आणि धापा टाकीत वर यावे, तो पुढे तशीच दुसरी घळ उभी असते. झाड नाही, घर नाही, आणि धुके उतरले म्हणजे वाटही नाही.

अशा भूमीवरून माणसे हौसेने धावतात, एक दिवस आणि एक रात्र धावतात, असे सांगितले तर वाचकांना नवल वाटेल. या धावण्याला ‘फेल रनिंग’ असे नाव आहे. ‘फेल’ हा उत्तर इंग्लंडच्या बोलीतील डोंगरवाचक शब्द. हजारएक वर्षांपूर्वी समुद्रमार्गे येऊन तेथे स्थायिक झालेल्या नॉर्स लोकांनी तो आपल्याबरोबर आणला. या शर्यतींचे वेड तेथे कसे रुजले आणि त्यातून त्या लोकांनी कोणता धडा घेतला, हे आज पाहावयाचे आहे. तो धडा डोंगराकडे जाणाऱ्या कोणत्याही देशातील माणसाच्या उपयोगाचा आहे.

या खेळाचा उगम गावजत्रांत आहे. सरोवरांच्या प्रदेशातील ग्रासमिअर या गावच्या क्रीडामेळ्यात समोरचा डोंगर चढून परत येण्याची शर्यत १८६८ सालापासून प्रसिद्ध आहे. मेंढपाळ, खाणकामगार आणि वाटाडे हे या शर्यतींचे धावपटू. ज्यांचा रोजचा दिवस डोंगरावर जात असे, त्यांनाच सणाच्या दिवशीही डोंगरावर धावण्याची हौस होती. पुढे लहान शर्यतींनी समाधान होईना. १९३२ सालच्या जून महिन्यात केझिक या गावी प्रवाशांची उतरण्याची सोय करणाऱ्या बॉब ग्रॅहॅम नावाच्या गृहस्थांनी चोवीस तासांच्या आत बेचाळीस शिखरे पायी पार करून आरंभस्थानी परत येण्याचा पराक्रम केला. त्यांचा कित्ता दुसऱ्या कोणाला गिरविता येण्यास १९६० साल उजाडावे लागले.

त्याच १९३२ साली आणखी एक घटना घडली. डर्बीशायर परगण्यातील किंडर स्काउट नावाचे पठार तेव्हा खाजगी मालकीचे होते. श्रीमंत जमीनदार तेथे ग्राऊस पक्ष्यांच्या शिकारीसाठी रान राखीत, आणि सामान्य माणसाला तेथे पाऊल टाकण्याची मनाई होती. मँचेस्टर आणि शेफिल्ड या शहरांच्या धुराने कोंदलेल्या गिरण्या-कारखान्यांतील तरुणांना रविवारची मोकळी हवा तेवढी हवी होती. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो तरुण मनाई मोडून त्या पठारावर चढले. राखणदारांशी झटापट झाली आणि पाच जणांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. पण त्या शिक्षेने लोकमत उलट अधिकच जागे झाले. १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, १९५१ साली तो प्रदेश ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय उद्यान ठरला, आणि १९६५ साली पेनाइन रांगेच्या माथ्यावरून जाणारा २६८ मैलांचा पायमार्ग सर्वांना खुला झाला. ज्या माळावर पाऊल टाकल्याबद्दल तुरुंग भोगावा लागला, त्याच माळावर आज माणसे मोकळेपणी धावतात.

लांब पल्ल्याच्या शर्यतींपैकी ‘फेल्समन’ ही एक जुनी आणि नमुनेदार शर्यत होय. यॉर्कशायरमधील बालवीर चळवळीतल्या तरुणांनी ती १९६२ साली सुरू केली. इंगलटन या गावी सकाळी निघावयाचे आणि थ्रेशफील्ड या गावी पोहोचावयाचे. अंतर सुमारे साठ मैल, म्हणजे शंभर किलोमीटरांच्या घरात. वाटेत इंगलबरो, व्हर्नसाइड, बकडेन पाइक, ग्रेट व्हर्नसाइड असे एकामागून एक डोंगर लागतात. त्यांतील सर्वांत उंच व्हर्नसाइड. त्याची उंची ७३६ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या निम्म्याहूनही कमी. पण एवढ्यावरून त्या डोंगरांना क्षुद्र लेखू नये. चढणे-उतरणे पुन्हा पुन्हा करावे लागत असल्यामुळे साऱ्या वाटेवरची चढण अकरा हजार फुटांवर जाते. समुद्रकाठापासून निघून कळसूबाईचा माथा लागोपाठ दोनदा गाठावा, एवढी ती चढण झाली.

शिवाय वाट आखलेली नसते. स्पर्धकाजवळ नकाशा आणि होकायंत्र असते, आणि वाट त्याची त्यानेच शोधावयाची असते. ठराविक ठिकाणी चौक्या असतात. तेथील स्वयंसेवक स्पर्धकाजवळच्या पट्टीला चिमट्याने छिद्र पाडतात. तीच त्याच्या हजेरीची खूण. काही चौक्यांवर गरम चहा, सूप आणि खाणे मिळते. सर्वांत वेगवान धावपटू हे सारे अंतर दहा-अकरा तासांत तोडतात. उरलेल्यांना मात्र वाटेतच रात्र गाठते. आणि फ्लीट मॉस नावाच्या, घळींनी चिरफाळलेल्या काळ्या पठारावर कित्येकांना कंदिलाच्या उजेडात वाट काढावी लागते.

या शर्यतीचा जो नियम सर्वांत लक्षात राहतो, तो येथे लागू होतो. दिवस मावळावयास आला, म्हणजे चौकीवर आलेल्या स्पर्धकाला एकट्याने पुढे जाऊ देत नाहीत. किमान चौघे जमले पाहिजेत. चौघे जमले की त्यांचा गट बनतो, आणि मग रात्र सरेपर्यंत त्या चौघांनी एकमेकांस सोडावयाचे नाही. ते मित्र असतील असे नाही; बहुधा त्यांची ओळखही त्याच चौकीवर झालेली असते. एकाचे पाय ताजे असतात, दुसऱ्याचा गुडघा दुखत असतो, तिसऱ्याला नकाशा चांगला वाचता येतो, चौथा निमूटपणे मागून येत असतो. तरी त्या रात्रीपुरता गटाचा वेग म्हणजे सर्वांत मंद माणसाचा वेग. ज्याला पुढे धावणे शक्य आहे, त्याने थांबावयाचे. आणि ज्याला पुढे जाणे अशक्य झाले, त्याला चौकीवर सुखरूप पोहोचविल्यावाचून इतरांनी पुढे जावयाचे नाही.

शर्यत म्हटली की एकाने दुसऱ्यास मागे टाकावयाचे, अशी आपली समजूत असते. तीत वाट पाहण्याचा नियम कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर १९६४ साली फार मोठी किंमत देऊन मिळाले.

डर्बीशायरच्या माळांवर ‘फोर इन्स’ नावाची एक चालण्याची स्पर्धा १९५७ पासून होत असे. वाटेवरच्या चार जुन्या पथिकगृहांवरून तिला हे नाव पडले. अंतर चाळीस मैलांहून अधिक. भाग घेणारे बहुतेक बालवीर चळवळीतील थोरली मुले, तीन-चार जणांच्या तुकड्यांनी चालणारी. १९६४ सालच्या मार्च महिन्याच्या १४ तारखेस सुमारे २४० तरुण निघाले. दिवसभरात वारा वाढला आणि पाऊस झोडपू लागला. ओढे फुगले, कपडे भिजून चिंब झाले, आणि तुकड्यांमागून तुकड्या थकून बसू लागल्या. शेवटपर्यंत पोहोचले ते अवघे २२ जण. तीन तरुण परत आलेच नाहीत. माळावर गारठून त्यांचा अंत झाला. ते सशक्त होते, हौशी होते आणि एकटेही नव्हते. आणखी काहींना मरणाच्या दारातून परत आणावे लागले.

या तिघा मुलांच्या घरी काय झाले असेल, ते सांगण्याची आवश्यकता नाही. शनिवारी सकाळी शिदोरी बांधून देणाऱ्या आईला रविवारी शोधपथकाच्या निरोपाची वाट पाहावी लागावी, यासारखे दुःख नाही. पण हे दुःख त्या समाजाने वाया जाऊ दिले नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. शोधकार्यात मोठ्या संख्येने माणसे धावून आली. तथापि त्यांच्या कामात सुसूत्रता नाही, हेही दिसून आले. त्याच वर्षी त्या प्रदेशातील निरनिराळ्या पथकांना एका सूत्रात बांधणारी पर्वतीय बचाव संघटना उभी राहिली. या पथकांतील माणसे वेतन न घेता काम करतात. शिक्षक, सुतार, डॉक्टर, शेतकरी असे कोणीही हाक आली की हातचे काम टाकून निघतात.

दुसरे काम शास्त्रज्ञांनी केले. डॉ. ग्रिफिथ प्यू हे शरीरशास्त्रज्ञ १९५३ सालच्या एव्हरेस्ट मोहिमेत होते. तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी ज्या मोहिमेत शिखरावर पोहोचले, तीच ही मोहीम. उंचावर प्राणवायू किती लागतो, पाणी किती प्यावे, अन्न कोणते चालते, याचा त्यांनी केलेला अभ्यास त्या यशाच्या पायाशी होता. जगातील सर्वांत उंच पर्वताचा विचार केलेल्या या गृहस्थांनी आता दोन हजार फूट उंचीच्या माळावर तरुण का मरतात, या प्रश्नाकडे लक्ष वळविले.

त्यांना आढळले ते असे. त्या दिवशीची हवा अंशांच्या मापाने फार थंड नव्हती; पारा शून्याच्या थोडा वरच होता. जीव घेतला तो एकट्या थंडीने नव्हे, तर ओल, वारा आणि थकवा या तिघांनी मिळून. कोरडे कपडे ऊब देतात ते कापडाच्या धाग्यांत अडकलेल्या हवेमुळे. कपडे भिजले की त्या हवेची जागा पाणी घेते; आणि त्यावर वारा सुटला की कपड्यांची ऊब बहुतांश नाहीशी होते. अंगावर कपडे असूनही माणूस जवळजवळ उघडाच असतो. तरीसुद्धा तो झपाझप चालत आहे तोवर त्याला धोका जाणवत नाही, कारण चालण्याच्या श्रमांतून उष्णता निर्माण होत असते. पुढे दम सरतो आणि चाल मंदावते. नेमक्या त्या घटकेस आतली भट्टी विझू लागते आणि बाहेरचा वारा तर चालूच असतो. मग थोड्याच वेळात धडधाकट माणूस अडखळू लागतो, असंबद्ध बोलू लागतो, खाली बसतो आणि उठत नाही. हे निष्कर्ष प्यू यांनी १९६४ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडले, पुढे प्रयोगशाळेत भिजलेले कपडे, वारा आणि श्रम यांचे प्रयोग करून १९६६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांना पुष्टी दिली.

या शोधातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की गारठलेल्या माणसाला आपण गारठलो आहोत हे बहुधा कळत नाही. थंडी प्रथम बुद्धीवर झाकण घालते. ‘मी ठीक आहे, तुम्ही पुढे व्हा’ असे तोच सांगतो. म्हणून त्याच्याकडे पाहणारा दुसरा कोणी हवा. आणि तोही थकलेला असेल, तर तिसरा आणि चौथा हवा. फेल्समनच्या रात्रीतील चौघांची सोबत ही केवळ सौजन्याची गोष्ट नाही, हे आता वाचकांच्या ध्यानी येईल. एकास इजा झाली तर एकाने त्याच्यापाशी थांबावे आणि दोघांनी मदत आणावयास जावे, कोणीही एकटा राहू नये, एवढा साधा हिशेब त्यामागे आहे.

आज या शर्यतींत भाग घेणाऱ्याची पिशवी निघण्यापूर्वी तपासली जाते. वारा व पाणी अडविणारा सदरा आणि पाटलोण, टोपी, हातमोजे, नकाशा, होकायंत्र, शिटी आणि राखीव खाणे या वस्तू तीत असल्याच पाहिजेत. लांबच्या शर्यतींत दिवा, जादा ऊबदार कपडे आणि आणीबाणीत अंगाभोवती लपेटावयाची पिशवीही लागते. हवा बिघडली तर मार्ग आखूड केला जातो किंवा शर्यत रद्दही होते. आणि शेवटचा माणूस मोजला गेल्यावाचून आयोजक घरी जात नाहीत. पिशवीतील बहुतेक वस्तू न वापरता परत येतात. त्या परत याव्या, हीच सर्वांची इच्छा असते.

इतकी सावधगिरी बाळगल्याने पराक्रमाला उणेपणा येतो काय? पेनाइन पायमार्गावर भर जानेवारीत ‘स्पाइन’ नावाची शर्यत २०१२ सालापासून होते. मार्गाची सारी २६८ मैलांची लांबी एका दमात पार करावयाची, आणि दिवसाचे आठ तास उजेड व सोळा तास अंधार. २०१९ साली ही शर्यत जास्मिन पॅरिस या पशुवैद्य महिलेने जिंकली, आणि तीही स्त्री-पुरुष सर्वांत पहिली येऊन. तिला ८३ तास १२ मिनिटे लागली. तोवरचा विक्रम तिने सुमारे बारा तासांनी मोडला. तिची मुलगी तेव्हा चौदा महिन्यांची होती आणि अंगावर पीत होती. म्हणून वाटेतील थांब्यांवर इतर स्पर्धक विश्रांती घेत, तेव्हा ही माता दूध काढून ठेवीत असे. झोप तिला फारच थोडी मिळाली. शेवटी शेवटी थकव्याने तिला डोळ्यांपुढे नसलेली चित्रे दिसू लागली होती. तरी प्रत्येक थांब्यावर कोणते काम आधी आणि कोणते नंतर, याचा तिचा क्रम ठरलेला होता.

त्याच शर्यतीतील दुसरी हकीकत तितकीच सांगण्याजोगी आहे. तिच्या पाठोपाठ एक स्पॅनिश धावपटू येत होता. त्याने पूर्वी ही शर्यत जिंकलेली होती. शेवट अवघा चार मैलांवर आला असता तो गारठून गेला. आणि त्याने मदतीची खूण दिली. अडीचशेहून अधिक मैल तोडल्यानंतर चार मैलांसाठी हार मानावयास केवढे धैर्य लागत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. त्याच्या नावावर त्या वर्षी शर्यत पुरी झाल्याची नोंद नाही. पण तो जिवंत परतला, आणि १९६४ चा धडा त्या रात्री कामी आला, असेच म्हणावे लागेल.

आपल्या देशात पीटची माळराने विरळा. पण ओल, वारा आणि थकवा हे त्रिकूट आपल्याकडे नाही असे कोणी समजू नये. आषाढ-श्रावणात सह्याद्रीच्या गडांवर जाणारी मुले, निलगिरीच्या किंवा हिमालयाच्या वाटांवर सहलीस निघणारी शाळा-महाविद्यालयांची पथके यांना त्याची गाठ पडू शकते. आपल्या शेतकऱ्याचे इरले आणि धनगराची घोंगडी या वस्तू याच अनुभवातून आलेल्या आहेत. इरल्याखाली अंग कोरडे राहते, आणि लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब राखते. सुती कपडा मात्र पाणी धरून बसतो. म्हणून घरातील वडील माणसांनी सहलीस निघालेल्या मुलाच्या पिशवीत कपड्यांचा एक कोरडा जोड, लोकरीची टोपी आणि मूठभर गूळ-शेंगदाणे जाणीवपूर्वक घालावे. सोबतीस कोण आहे, परतण्याची वेळ कोणती, हेही विचारून ठेवावे. त्यात मुलांच्या स्वातंत्र्यावर घाला पडत नाही.

वाटेत कोणी गारठल्याचा संशय आला तर काय करावे, तेही थोडक्यात सांगतो. सोबत्याची चाल मंदावली, बोलणे जड झाले, तो चिडखोर वा उदासीन दिसू लागला, की तेथेच थांबावे. त्याला वाऱ्यापासून आडोशाला न्यावे. ओले कपडे काढून कोरडे घालावे. जमिनीचा गारवा लागू नये म्हणून अंगाखाली काही अंथरावे आणि डोक्यासह सर्वांग झाकावे. तो शुद्धीवर असेल तर गरम, गोड पेय घोटघोट पाजावे. अंग जोराने चोळू नये, आणि मद्य तर मुळीच देऊ नये. त्याने ऊब आल्याचा भास होतो, पण शरीरातील उष्णता उलट बाहेर पडते. त्याला एकटे सोडू नये. अंगाची थरथर थांबली म्हणजे तो सुधारला असे समजू नये. तो अजून सुस्त व असंबद्ध असेल, तर धोका वाढला आहे, असे जाणून तातडीने वैद्यकीय मदत आणवावी.

यॉर्कशायरच्या माळावर वसंतातील त्या शनिवारी रात्री चार-चार दिव्यांचे लहान पुंजके पुढे सरकत असतात. त्यांतला एखादा दिवा मागे पडला की पुढचे तीन थांबतात. तेवढ्या वेळाने त्यांचा क्रमांक खाली जात असेल. रविवारी सकाळी थ्रेशफील्डच्या सभागृहात नावापुढे खुणा करीत बसलेल्या स्वयंसेवकाला मात्र क्रमांकापेक्षा बेरजेची काळजी अधिक असते. काल सकाळी जितके निघाले, तितक्या सर्वांचा हिशेब लागला, की तो चष्मा काढून चहाचा पेला हाती घेतो.